वर्तुळाचे भाषांतर

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. दोन विद्यार्थ्यांना एकमेकांकडे पाठ करून बसवावे. एकाच्या हाती एक आकृती द्यावी : एक चौरस आणि त्याच्या आत चारही बाजूंना टेकलेले वर्तुळ. आकृती न दाखवता ती त्याने फक्त शब्दांत सांगायची आणि दुसऱ्याने ऐकून आपल्या कागदावर काढायची. ज्याला 'चारही बाजूंना स्पर्श करणारे वर्तुळ' हे शब्द सुचतात त्याचे काम एका वाक्यात होते. ज्याला ते सुचत नाहीत तो 'थोडे वर जा, आता वळ, आणखी वळ' असे सांगत राहतो आणि दुसऱ्याच्या कागदावर बटाट्यासारखा काहीतरी आकार उमटतो. आकृती तीच असते. सांगणाऱ्याजवळ आणि ऐकणाऱ्याजवळ कोणते शब्द आहेत यावर पलीकडे काय पोचणार ते ठरते.

संगणकावर काढलेली रेषाचित्रे एका आज्ञावलीतून दुसऱ्या आज्ञावलीत नेताना असेच घडते. शाळेचे बोधचिन्ह असो, विज्ञान प्रदर्शनाचा फलक असो किंवा एखाद्या यंत्राचा आराखडा असो. ज्या आज्ञावलीत तो काढला तिथे तो व्यवस्थित दिसतो. दुसरीकडे उघडला की कुठे अक्षरे बदलतात, कुठे आकार पंचवीसपट होतो, तर कुठे फाइल उघडतच नाही. आपण हा संगणकाचा घोळ म्हणून सोडून देतो. पण या घोळामागे भूमिती आहे आणि साठ वर्षांचा इतिहासही आहे. तो समजून घेतला तर आपली स्वतःची चित्रे कशी जपावीत हेही कळते.

चौकटींचे चित्र आणि वाक्यांचे चित्र

संगणकात चित्र दोन प्रकारे साठवता येते. पहिला प्रकार आलेख-कागदासारखा. कागदावर बारीक चौकटी आखलेल्या आहेत असे समजा. प्रत्येक चौकटीचा रंग कोणता, एवढीच नोंद ठेवायची. छायाचित्रे अशीच साठवली जातात. दुसऱ्या प्रकारात चौकटी नसतात, वाक्ये असतात. 'केंद्रबिंदू (५, ५) आणि त्रिज्या ३ असलेले वर्तुळ काढा', 'बिंदू (०, ०) पासून (८, ६) पर्यंत रेषाखंड काढा', अशी ही वाक्ये. या प्रकाराला व्हेक्टर चित्र म्हणतात. व्हेक्टर म्हणजे सदिश. सुरुवातीच्या काही संगणकांच्या पडद्यांवर इलेक्ट्रॉनांचा झोत एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत थेट फिरवून रेषा उमटवत असत, त्यावरून हे नाव रूढ झाले.

पहिल्या प्रकारचे चित्र मोठे केले की चौकटीही मोठ्या होतात आणि तिरप्या रेषेला पायऱ्या दिसू लागतात. दुसऱ्या प्रकारात ३ या त्रिज्येच्या जागी ३०० लिहिले की काम झाले; वर्तुळाची कड तितकीच रेखीव राहते. म्हणून यंत्रांचे आराखडे, छपाईची अक्षरे आणि बोधचिन्हे बहुधा दुसऱ्या प्रकाराने साठवतात.

या सोयीची किंमत भाषांतराच्या वेळी मोजावी लागते. चौकटींचे चित्र एका आज्ञावलीतून दुसरीत नेणे त्या मानाने सोपे असते, कारण चौकट म्हणजे काय याबद्दल फारसे दुमत नसते. वाक्यांच्या चित्राला मात्र शब्दसंग्रह लागतो, व्याकरण लागते. आणि जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीच्या कर्त्याने ते आपापले बनवले.

एकाच यंत्रापुरती भाषा

१९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी पीएच.डी.च्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली सादर केली. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तिच्यात रेषा काढता येत. रेषांबरोबर त्यांच्यातले नातेही साठवता येत असे. या दोन रेषा समांतर ठेवा, या दोन बाजू समान लांबीच्या ठेवा, असे सांगून ठेवले की एक बिंदू हलवल्यावर उरलेली आकृती त्या अटी पाळून आपली जागा बदले.

यातला एक मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे. चित्रात दोन गोष्टी असतात : ते कसे दिसते आणि काढणाऱ्याला त्यात काय म्हणायचे आहे. समांतर रेषा 'समांतर दिसणे' वेगळे आणि त्या 'समांतरच राहिल्या पाहिजेत' अशी नोंद असणे वेगळे. स्केचपॅडमध्ये या दोन्ही गोष्टींची सोय होती. परंतु टीएक्स-२ हे लिंकन प्रयोगशाळेतले एकमेव यंत्र. तिथे काढलेली आकृती दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न उभा राहिला कारखान्यांत.

दोन मोटार कारखाने, एक वक्र

रेषा आणि वर्तुळ यांची वर्णने युक्लिडच्या काळापासून आपल्याजवळ आहेत. पण मोटारीच्या टपाचा किंवा चाकावरच्या पत्र्याचा डौलदार बाक कोणत्या शब्दांत सांगायचा? लाकडी साचे आणि मातीच्या प्रतिकृती यांवरून मापे घेत काम चाले. त्यात चुका होत आणि वेळही फार जाई. आकड्यांवर चालणारी यंत्रे आली तेव्हा त्या बाकाचे वर्णन आकड्यांतच देणे भाग पडले.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत काम करणारे गणिती पॉल द कास्तेलझो यांनी १९५९ मध्ये यावर उपाय शोधला. त्यांची रीत इतकी सोपी आहे की ती आठवीच्या मुलांनाही पट्टीने करून पाहता येते. आलेख-कागदावर चार बिंदू घ्या : (०, ०), (०, ८), (८, ८) आणि (८, ०). ते क्रमाने जोडा. तीन रेषाखंड मिळतील. त्यांचे मध्यबिंदू काढा : (०, ४), (४, ८) आणि (८, ४). हे तीन बिंदू जोडून मिळणाऱ्या दोन रेषाखंडांचे मध्यबिंदू काढा : (२, ६) आणि (६, ६). आता या दोहोंचा मध्यबिंदू : (४, ६). हा बिंदू आपल्या वक्रावर आहे. मध्याऐवजी प्रत्येक रेषाखंडाचा पाव भाग, पाऊण भाग अशा ठिकाणी बिंदू घेतले की वक्रावरचे आणखी बिंदू मिळत जातात. वक्र पहिल्या बिंदूपासून निघतो, चौथ्याला पोचतो आणि मधले दोन बिंदू त्याला आपल्याकडे ओढून धरतात. अख्खा वक्र फक्त चार बिंदूंत सांगून होतो.

सित्रोएनने हे काम गुप्त ठेवले. प्रतिस्पर्धी रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे वेगळ्या वाटेने त्याच वक्रापर्यंत पोचले आणि त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. आज जगभर या वक्राला 'बेझिए वक्र' म्हणतात. कास्तेलझो यांचे नाव वर सांगितलेल्या रीतीला मिळाले, तेही उशिरा. ज्याने आधी शोधले त्याचे लिखाण कपाटात राहिले. ज्याने छापले त्याची भाषा जगाने उचलली. पुढच्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते.

नव्वद दुभाषे की वीस?

१९७० नंतरच्या दशकात आराखडे काढणाऱ्या अनेक आज्ञावल्या बाजारात आल्या. विमान बनवणारी कंपनी एक आज्ञावली वापरी, तिला सुटे भाग पुरवणारा कारखाना दुसरी. आता दुभाषा हवा झाला. इथे एक साधे गणित आहे. दहा भाषा असतील आणि प्रत्येकीतून दुसऱ्या प्रत्येकीत थेट भाषांतर करायचे असेल, तर १० × ९ म्हणजे ९० दुभाषे लागतील. त्याऐवजी सर्वांनी मिळून एक मध्यस्थ भाषा ठरवली, तर प्रत्येक भाषेतून तिच्यात आणि तिच्यातून प्रत्येक भाषेत, असे २० पुरतात.

याच विचाराने १९७९ मध्ये अमेरिकेत बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि तेथील राष्ट्रीय मानक कार्यालय यांनी काम सुरू केले. पुढच्याच वर्षी 'आयजेस' या मध्यस्थ भाषेचा पहिला मसुदा निघाला आणि १९८१ मध्ये तिला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्या फाइलीत प्रत्येक ओळ ८० अक्षरांची असे, कारण तेव्हाच्या छिद्रपत्रावर ८० रकाने असत. प्रत्येक आकाराला क्रमांक होता : वर्तुळकंसाला १००, रेषाखंडाला ११०.

मध्यस्थ भाषेची अडचणही लवकरच लक्षात आली. मूळ आज्ञावलीत असलेला एखादा शब्द मध्यस्थ भाषेत नसेल तर दुभाषाने काय करायचे? एक तर तो गाळायचा किंवा जवळपासचा शब्द वापरायचा. दोन्हींत काहीतरी हरवते.

१९८२ च्या डिसेंबरमध्ये ऑटोडेस्क कंपनीची 'ऑटोकॅड' ही आज्ञावली विक्रीस आली. मोठ्या यंत्रांऐवजी घरगुती आकाराच्या संगणकावर ती चालत असल्याने लहान कारखानेही ती घेऊ शकले. कंपनीने आपली मूळ 'डीडब्ल्यूजी' फाइल बंद ठेवली, पण देवाणघेवाणीसाठी 'डीएक्सएफ' नावाची दुसरी फाइल दिली आणि तिचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले. ती साध्या मजकुराची फाइल होती. तिच्यात 'वर्तुळ' हा शब्द, मग केंद्राचे निर्देशक, मग त्रिज्या, असे स्वच्छ लिहिलेले सापडते. डीएक्सएफ आजही चालते, याचे एक मोठे कारण ही प्रसिद्धी.

मात्र एक उणीव राहिली. सुरुवातीच्या डीएक्सएफ फाइलीत आकडे असत, पण ते कोणत्या एककात आहेत हे लिहिलेले नसे. एकाने १० हा आकडा इंच समजून लिहिला आणि दुसऱ्याने मिलिमीटर समजून वाचला, की भाग २५.४ पट लहान. उत्तरपत्रिकेत 'एकक लिहा' म्हणून आपण अर्धा गुण कापतो, तो किती रास्त आहे हे सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

छापखान्याची भाषा

आराखड्यांची ही दुनिया एका बाजूला. दुसऱ्या बाजूला छपाईत वेगळाच बदल होत होता. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी झेरॉक्सची नोकरी सोडून डिसेंबर १९८२ मध्ये 'अडोबी' कंपनी काढली आणि १९८४ मध्ये 'पोस्टस्क्रिप्ट' ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणली. अक्षर, रेष, रंग, सगळे काही वाक्यांत सांगायचे आणि मुद्रकयंत्राने ती वाक्ये वाचून पान उमटवायचे. वक्रांसाठी तिने बेझिए वक्र निवडले. १९८५ मध्ये अ‍ॅपलच्या लेझर मुद्रकात ही भाषा बसवली गेली. तिचे व्याकरण पुस्तकरूपाने दुकानात विकत मिळे.

१९८७ मध्ये अडोबीने 'इलस्ट्रेटर' ही चित्र काढण्याची आज्ञावली आणली. तिच्या सुरुवातीच्या फाइली म्हणजे पोस्टस्क्रिप्टचाच मर्यादित प्रकार होता. १९८८ मध्ये 'फ्रीहँड' आली. १९८९ मध्ये कॅनडातल्या कोरेल कंपनीने विंडोजसाठी 'कोरेल-ड्रॉ' आणली. तिच्या 'सीडीआर' फाइलीचे व्याकरण कंपनीने प्रसिद्ध केले नाही. या आज्ञावल्यांमधला पूल म्हणून पोस्टस्क्रिप्टवर आधारित 'ईपीएस' फाइल वापरात आली. पण पोस्टस्क्रिप्टचा जन्म छपाईसाठी झाला होता. पान कसे दिसावे हे ती उत्तम सांगे. काढणाऱ्याला काय म्हणायचे होते ते साठवणे हे तिचे काम नव्हते. उदाहरणार्थ, तिच्यात पारदर्शक रंगाला शब्दच नव्हता. एका रंगाच्या काचेतून दुसरा रंग दिसावा असे चित्र ईपीएसमध्ये पाठवले, की भाषांतरात त्याचे तुकडे होत किंवा तेवढा भाग चौकटींचे चित्र बनून जाई.

वर्तुळ कुठे हरवते?

आता एक नेमके उदाहरण घेऊ. डीएक्सएफमध्ये वर्तुळ म्हणजे केंद्र आणि त्रिज्या. १९९३ मध्ये पोस्टस्क्रिप्टच्या पायावर उभी राहिलेली 'पीडीएफ' घ्या. तिच्यात वर्तुळ काढण्याची आज्ञाच नाही. रेषाखंड आहेत आणि बेझिए वक्र आहेत. म्हणून वर्तुळाचे चार समान कंस करून प्रत्येकाच्या जागी एक बेझिए वक्र ठेवतात.

हे चार वक्र मिळून वर्तुळ होते का? होत नाही, आणि त्याची सिद्धता दहावीच्या बीजगणितात बसते. बेझिए वक्रावरील बिंदूचे क्ष आणि य हे दोन्ही निर्देशक एकाच चलातील घन बहुपदी असतात. वर्तुळावर राहायचे तर क्ष-वर्ग + य-वर्ग ही बेरीज कायम १ राहिली पाहिजे. पण दोन्ही बहुपदींचे वर्ग केल्यावर सर्वांत मोठ्या घाताच्या पदांचे सहगुणक धनच असणार. दोन धन संख्यांची बेरीज शून्य होत नाही, म्हणून ती पदे एकमेकांना छेदून जात नाहीत. बेरीज स्थिर राहायला दोन्ही बहुपदी स्थिर संख्याच असल्या पाहिजेत, म्हणजे वक्राचा एक बिंदूच झाला! बहुपदींच्या भाषेत वर्तुळ हा शब्द नाही. कितीही हुशार दुभाषा नेमला तरी तो अचूक भाषांतर करू शकत नाही.

जवळपासचा शब्द मात्र फार चांगला आहे. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळाच्या पाव भागासाठी (१, ०), (१, ०.५५२३), (०.५५२३, १) आणि (०, १) हे चार बिंदू घेतात. कास्तेलझो यांच्या रीतीने याचा मधला बिंदू काढून पाहावा. दोन्ही निर्देशक ०.७०७१ येतात, म्हणजे तो वर्तुळावर येतो. इतरत्र वक्र किंचित बाहेर जातो. १ मीटर त्रिज्येला ही चूक जास्तीत जास्त सुमारे पाव मिलिमीटर असते. डोळ्याला ती कळत नाही.

मग बिघडले कुठे? पत्र्याला छिद्र पाडणाऱ्या यंत्राला केंद्र कुठे आणि त्रिज्या किती हे हवे असते. चार वक्रांच्या फाइलीत केंद्र कुठेच लिहिलेले नाही. हीच फाइल पुन्हा आराखड्याच्या आज्ञावलीत नेली तर ती कधी कधी वक्रांचे शेकडो लहान रेषाखंड करते. दिसायला वर्तुळ, प्रत्यक्षात बहुभुज. एका फेरीत वर्तुळाचे दिसणे जवळजवळ शाबूत राहिले, पण त्याचे वर्तुळपण गेले, आणि उलट भाषांतराने ते आपोआप परत येत नाही.

अशी एकतर्फी वाट अक्षरांच्या बाबतीतही आहे. १९९१ मध्ये अ‍ॅपलने आणलेल्या 'ट्रूटाइप' अक्षरांचे वक्र वर्ग बहुपदींचे असतात, पोस्टस्क्रिप्टचे घन बहुपदींचे. घन पदाचा सहगुणक शून्य मानला की वर्ग बहुपदीही घन बहुपदींत लिहिता येते. म्हणून त्या दिशेने भाषांतर अचूक होते. उलट दिशेने मात्र बहुतेक वेळा अंदाजच करावा लागतो.

देवनागरीचा अनुभव

महाराष्ट्रातल्या छापखान्यांत या इतिहासाला आणखी एक पदर आहे. १९९० नंतरच्या दशकात गावोगावी संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली. लग्नपत्रिका, फलक, शाळेची स्मरणिका यांसाठी कोरेल-ड्रॉ फार लोकप्रिय झाली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांबाबत जगभर एकमत होते. देवनागरीसाठी १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक ठरले आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी आली. पण छपाईच्या फॉन्टमध्ये काने, मात्रा, अर्धी अक्षरे कोणत्या क्रमांकावर बसवायची हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने ठरवले. एका फॉन्टमध्ये ज्या क्रमांकावर 'क' असेल त्याच क्रमांकावर दुसऱ्यात 'म' असू शकत असे. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसे.

यावर छापखान्यांनी जो उपाय काढला तो आजही चालतो : मजकुराचे वक्र करून टाकायचे. कोरेल-ड्रॉमध्ये 'कंट्रोल' आणि 'क्यू' ह्या कळा एकत्र दाबल्या की प्रत्येक अक्षर हे अक्षर न राहता आकृती बनते. मग फॉन्ट असो वा नसो, पान सारखेच छापले जाते. दिसणे वाचले. पण 'क' हा 'क' आहे ही माहिती पुसली गेली. अनुस्वार राहिला तर तो टंकित करून घालता येत नाही, शब्द शोधता येत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ज्या संस्थेने आपल्या स्मरणिकांची फक्त वक्र केलेली प्रत ठेवली, तिच्याजवळ लेखांची चित्रे आहेत, लेख नाहीत. वर्तुळाचे जे झाले तेच इथे शब्दांचे झाले.

पाचशे तीस किलोमीटर तारा

यात आर्थिक नुकसान किती होऊ शकते याचे उदाहरण युरोपातले आहे. एअरबस कंपनीच्या ए-३८० या दुमजली प्रवासी विमानाचे भाग वेगवेगळ्या देशांत तयार होऊन फ्रान्समध्ये तुलूझ येथे जोडले जात. प्रत्येक विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा होत्या. जर्मनीतल्या हँबुर्ग येथून तारांचे जुडगे बसवलेले भाग तुलूझला आले तेव्हा काही ठिकाणी तारा आखूड पडू लागल्या.

चौकशीत पुढे आलेले एक महत्त्वाचे कारण असे : जर्मनी आणि स्पेन येथील अभियंते 'कॅटिया' या आज्ञावलीची चौथी आवृत्ती वापरत होते, तर फ्रान्स आणि ब्रिटन येथील अभियंते पाचवी. नाव एक, निर्माती कंपनीही एक. पण पाचवी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. आराखडे एकीतून दुसरीत नेताना त्यातले सगळे तपशील जसेच्या तसे जात नव्हते आणि एकीकडे केलेले बदल दुसरीकडे नीट पोचत नव्हते. पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा सुमारे दीड वर्ष उशिरा, सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती आले. या विलंबामुळे २०१० पर्यंतच्या नफ्यात ४८० कोटी युरोंची घट येईल असा अंदाज एअरबसने ऑक्टोबर २००६ मध्ये जाहीर केला होता.

उघडे व्याकरण

१९९८ मध्ये इंटरनेटच्या पानांवर रेषाचित्रे कशी दाखवावीत यासाठी दोन प्रतिस्पर्धी भाषा सुचवल्या गेल्या. एका बाजूला अडोबी, आयबीएम, नेटस्केप आणि सन. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्ट, मॅक्रोमीडिया, ऑटोडेस्क आणि इतर. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने दोहोंपैकी एक न निवडता सर्वांना एकत्र बसवून नवी भाषा घडवली. तिचे नाव 'एसव्हीजी'. ४ सप्टेंबर २००१ रोजी ती अधिकृत झाली. तिच्यात वर्तुळाला वर्तुळ म्हणून जागा आहे आणि अक्षरे अक्षरे म्हणूनच राहू शकतात. फाइल साध्या मजकुराची असल्याने ती कुठल्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येते. तरी मायक्रोसॉफ्टच्या न्याहाळकात ती थेट दिसायला २०११ साल उजाडले. पीडीएफ ही मूळची एका कंपनीची भाषा २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली.

ज्यांचे व्याकरण गुप्त राहिले त्यांचे काय झाले? फ्रीहँड अनेक हातांतून जात २००५ मध्ये तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे, म्हणजे अडोबीकडे आली; २००७ मध्ये तिचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले. ज्यांनी वीस वर्षे तिच्यात चित्रे काढली होती, त्यांची चित्रे शाबूत होती. ती वाचणारी आज्ञावली मात्र नव्या संगणकांवर चालेना. सीडीआर फाइलींच्या बाबतीत स्वयंसेवकांनी चिकाटीने काम केले. एखादी लिपी उलगडावी तसे एक रेष काढायची, फाइलीतला कोणता आकडा बदलला ते पाहायचे, पुन्हा दुसरी रेष काढायची, असे करत त्यांनी तिचे व्याकरण बऱ्याच अंशी शोधून काढले. २०१२ मध्ये 'लिब्रे ऑफिस' या मोफत आज्ञावलीत सीडीआर फाइली उघडू लागल्या. छापील पुस्तकातून एका दिवसात कळले असते ते शोधायला अनेकांची वर्षे गेली.

आपल्यापुरते काय करावे?

शाळेत आपण आकृत्या, नकाशे, बोधचिन्हे संगणकावर काढून घेतो. मूळ फाइल अनेकदा छापखान्यातच राहते; शाळेकडे येते ते छापलेले पान. काम करून घेताना तीन प्रती मागाव्यात. पहिली, ज्या आज्ञावलीत काम झाले तिची मूळ फाइल, मजकुराचे वक्र न करता. दुसरी, एसव्हीजी प्रत, ज्यात आकार आणि अक्षरे यांची ओळख शक्य तितकी टिकून राहील आणि जी वाचायला विशिष्ट कंपनीची आज्ञावली लागणार नाही. तिसरी, वक्र केलेली पीडीएफ, केवळ छपाईसाठी. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच ठेवायला सांगावा.

प्रती हाती आल्या की दुसरी आणि तिसरी प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. नुसते डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये. एसव्हीजी प्रतीत एखादा शब्द निवडून बदलता येतो का, वर्तुळाची त्रिज्या विचारली तर मिळते का, लांबी ठरल्याप्रमाणे भरते का, हे तपासावे. मुलांनाही हे काम देता येईल. निर्देशक, त्रिज्या आणि एकक यांचा खरा उपयोग त्यांना एका तासात दिसेल.

आणि त्या तीन फाइलींसोबत एक चौथी, चार ओळींची, साध्या मजकुराची फाइल ठेवावी : कोणत्या आज्ञावलीची कितवी आवृत्ती वापरली, फॉन्ट कोणता, मापे कोणत्या एककात आहेत आणि काम कोणत्या साली झाले. दहा वर्षांनी तो फलक पुन्हा काढायची वेळ आली, तर तेव्हाच्या शिक्षकांना या चार ओळींपासून सुरुवात करता येईल.